म्हाताऱ्या पॉवर सप्लायचे पाच व्होल्ट

कपाटाएवढे कॉम्प्युटर जाऊन खिशात मावणारे आले, त्यानंतरची ही गोष्ट. निवृत्त केळुसकरसरांनी असाच एक जुना, कपाटाएवढा कॉम्प्युटर भंगारातून आणला आणि हौसेने दुरुस्तीला घेतला. तो चालू होई, पण बेरजा विसरे.

सरांनी सगळ्या भागांना वीज पुरवणारा म्हातारा पॉवर सप्लाय सुटा काढून मीटर लावला. त्याने छाती फुगवून नेमके पाच व्होल्ट दाखवले.

"तू ठणठणीत आहेस. म्हणजे मेमरीच गेली," सर म्हणाले. "उद्या ती काढून टाकू."

"एकटे असताना सगळेच पहिलवान, काय काका?" कॉम्प्युटरचा पंखा हसला.

पॉवर सप्लायने घरघर आतच दाबली. सगळे बोर्ड वीज ओढू लागले की त्याचे वीज साठवणारे, सुकलेले कपॅसिटर दमत आणि तो साडेचार व्होल्टवर येई; तेवढ्यात मेमरीला बेरजा आठवत नसत. पण हे कळलं तर आपणच भंगारात जाऊ, ही त्याला धास्ती होती.

सकाळी सरांनी शेवटचं म्हणून बटण दाबलं. मेमरी थरथरत होती. ते पाहून पॉवर सप्लायने इतके दिवस दाबून ठेवलेली घरघर मोकळी सोडली.

सरांनी कान टवकारले आणि चालू मशीनलाच मीटर लावला. "साडेचार! अरे, मी तुला एकट्यालाच तपासलं होतं की!"

त्यांनी दोन नवे कपॅसिटर बसवले. मेमरीने शंभर बेरजा बिनचूक सांगितल्या.

"काका, थकलोय म्हणून आधीच सांगायचं ना!" ती म्हणाली.

"मला वाटलं, टाकून देतील."

"आणि मला टाकलं असतं तर?"

पॉवर सप्लायने फक्त पाच व्होल्ट नीट धरून ठेवले.