दारातलं तेल

"...मग वायू गेला कुठे, बाई?"

ऋत्विजचा आवाज चढला होता. सुलभाबाई टिळेकरांसमोर आवाज चढवायची त्या वायुक्षेत्रावर कुणाची टाप नव्हती. पण बिचाऱ्याची वायूची विहीर मरत होती. सिमेंट ओतून ती कायमची बुजवायचं वरिष्ठांनी ठरवलं होतं. आणि "ही विहीर सगळ्यांत जास्त वायू देईल" हे भाकीत ऋत्विजने भर बैठकीत छाती ठोकून केलं होतं.

बाई शांतपणे चहा पीत होत्या. जमिनीखालचं ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"साठा मोजलास?"

"मोजला. खाली वायू भरपूर आहे. दाबही उत्तम."

"मग काय केलंस?"

"वायू कमी यायला लागला, तसा व्हॉल्व्ह आणखी उघडला."

"मग?"

"...आणखी कमी आला."

बाई उठल्या. केबिनच्या एकुलत्या एका दारात जाऊन, चौकटीला दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या.

"चल, बाहेर जा."

ऋत्विज दारापर्यंत गेला आणि थबकला. बाईंना ढकलून कसं जाणार?

"का रे? खोली तर सगळी मोकळी आहे."

"खोली मोकळी आहे हो, पण दार..."

आणि त्याला लख्ख उमगलं.

दाब फार उतरला की या साठ्यातल्या वायूचं खडकातच पातळ तेल होतं, हे त्याला पाठ होतं. त्याच विषयात तर तो पहिला आला होता! आणि दाब सगळ्यांत जास्त उतरतो तो वायू विहिरीत शिरतो तिथेच. व्हॉल्व्ह जितका उघडावा, तितका जास्त; आणि तिथे साचलेलं तेल वायूचीच वाट अडवतं. पठ्ठ्याने अख्खी खोली मोजली होती, दार मोजलंच नव्हतं.

"दार मीच अडवलं," तो पुटपुटला. "आता ते तेल हटवू कसं?"

"विहिरीत वायू घाल."

"बाई, मी वायू काढायला बसलोय!"

"म्हणूनच."

बाईंनी वरिष्ठांकडून मुदत मागून घेतली. शेजारच्या विहिरीतला कोरडा वायू, तेलाला आपल्यात सामावून घेणारा, दाबाने खाली सोडला. "उलटी गंगा वाहवतायत," म्हणून लोक हसले. ऋत्विजने मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग एका सकाळी त्याने व्हॉल्व्ह उघडला. थोडासाच.

वायू मोजणाऱ्या यंत्राचा काटा थरथरला... चढला... चढतच गेला. मैदानाच्या टोकाला चाचणीची ज्योत धडधडून पेटली.

"आली रे आली!" हसणारेच आता टोप्या उडवत होते. "साहेब, खोला पूर्ण!"

ऋत्विजचे डोळे भरून आले. आनंदाच्या भरात हात व्हॉल्व्हच्या चाकाकडे गेला...

आणि थांबला. त्याने चाक उलटं फिरवून थोडं आवळलं.

काटा किंचित उतरला आणि तिथेच ठाम राहिला. ज्योत धडधडत होती.

मागे उभ्या असलेल्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"आता सांग, ही किती देईल ते."