कापसाची चोळी

“डॉक्टरान सांगलेल्यान ना, छाती नवी करून देतंय म्हणान? मगे तू नको कित्याक म्हटलंस, काकी?”

“माका नको होती म्हणून.” शेवंतीकाकीने सुपातली नजरसुद्धा वर काढली नाही.

बाबल पिशवी मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसला.

कॅन्सरपायी काकीची डावी बाजू कापावी लागली होती. पण तिथे तिने कधी चिंधी कोंबली नाही. सपाट तर सपाट. भरबाजारात तशीच जायची, खांदे ताठ. बायका आधी कुजबुजल्या, मग त्याच तिच्यापाशी मन मोकळं करायला येऊन बसू लागल्या.

काकीचा नवरा दशावतारात राणीचं काम करायचा. बाईची चाल त्याला हिनेच शिकवलेली. तो गेल्यावर लुगडं नेसणारे सगळे पोरगे हिच्याच पडवीत शिकले. काकीने हो म्हटल्याशिवाय कंपनीचा मालक कुणाला राणी करत नसे.

आज रात्री जत्रेत बाबलला राणी व्हायचं होतं. आणि काकी अजून हो म्हणत नव्हती.

त्याने पिशवीतून एक चोळी काढली. डावीकडे सावरीचा कापूस भरून अशी बेतशीर शिवलेली, की बघणारा फसावा. त्यात बाबलचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्याला ते पुरतं ठाऊक होतं.

“तुझ्यासाठी शिवलंय. आता कोणाक कळाचा नाय.”

“काय कळाचा नाय?”

बाबल चोळीची घडी घालू लागला.

“बरा. तुझो कापूस काढ आणि चल बघया.”

तालमीसाठी छातीवर बांधलेला कापूस त्याने काढून ठेवला. चालू लागला. पण खांदे आत गेले, हात छातीवर आले. लुगडं नेसून पळणारा चोर जसा.

“बाई खय गेली रे?”

“कापसाबरोबर गेली, काकी…”

काकी हसत उठली. पदर खोचला. अंगणातून माडापर्यंत गेली, परत आली. एवढंच.

बाबल बघतच राहिला. ती सूप घेऊन पुन्हा बसली, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, आपण तिच्या डाव्या बाजूकडे बघायचंच विसरलो.

तो तिच्या पायाशी वाकला. नवी चोळी, आपला कापूस, सगळं पिशवीत कोंबू लागला.

“मगे मी पण बांधूचंय नाय. तू हो म्हटलंस तर असोच जातलंय रात्री.”

काकीने त्याचा कापूस बाहेर काढून त्याच्या हातात दिला.

“तू बांध रे. तुका बाई होवचा हा.”