चार हात

“कमानीवर आलं की सुरकुती पडतेच कशी, चाचा?”

धैर्यशीलनं आल्या आल्या विचारलं. त्याच्या काखेत गाडीचा उघडा डॅशबोर्ड होता आणि खांद्यावर तपकिरी चामड्याचा शेवटचा तुकडा.

घोड्याच्या खोगिरापासून मोटारीच्या सीटपर्यंत चामडं चढवावं ते इलाहीचाचांनीच, असं कोल्हापुरात लोक म्हणत. चाचांनी आधी त्याला बसायला सांगितलं.

“मला नुसतं सांगा,” धैर्यशील म्हणाला. “हात लावू नका.”

“का रं? माझ्या हाताला काटं हाईत?”

मग त्याला सगळं सांगावं लागलं. सुट्या भागांच्या पेट्या मागवून त्यानं घरामागच्या शेडमध्ये एक मोटार जोडत आणली होती. चाकापासून दिव्यापर्यंत सगळं एकट्यानं. त्याचे वडील, गॅरेजवाले आप्पा, मागं एकदा चारचौघांत म्हणाले होते, “ह्याच्यानं एकट्यानं एक चाक बसायचं न्हाई.” तेव्हापासून बापलेकांत बोलणं बंद. आता येत्या रविवारी आप्पा गाडी बघायला येणार होते. आईनं कसंबसं कबूल करून घेतलं होतं. त्यांच्यासमोर उभं राहून धैर्यशीलला एवढंच म्हणायचं होतं, ह्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. बिचाऱ्यानं ते वाक्य पाठसुद्धा करून ठेवलं होतं.

“बरं,” चाचा म्हणाले. आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून ते सतरंजीवर बसून राहिले.

“चामड्याला आतनं लाव सोल्यूशन. डॅशबोर्डाला वरनं. आता थांब.”

“किती वेळ?”

“बोटाला चिकटायचं थांबलं की चामड्याला चिकटतंय ते.”

धैर्यशील थांबला. थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं, तरी थांबला.

“आता मधनं टेकव. मग कडंला जा.”

मधला भाग झकास बसला. मग मीटरवरची कमान आली. त्यानं डावीकडं ओढलं, तर उजवीकडं सुरकुती. उजवीकडं ओढलं, तर डावीकडं.

“चिमटा लावू?”

“मागच्या तुकड्याला लावलावतास न्हवं? वळ उठलं असतील.”

उठले होते. म्हणून तर हा शेवटचा तुकडा.

“मग काय करू?”

“दोन्हीकडनं एकदम वढायचं. आणि वरनं चोळत खाली यायचं.”

“म्हणजे तीन हात पाहिजेत!”

“चार असलं तर बरं.”

चाचांचे हात मांड्यांखालीच होते.

धैर्यशीलनं एक टोक दातांत धरून बघितलं. चाचा हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण दातांत धरलेलं चामडं सुटलं, आणि कमानीवर पहिल्यापेक्षा मोठी सुरकुती आली. सोल्यूशन धरू लागलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता, तर तो तुकडा निघाला नसता आणि नीट बसलाही नसता. रविवार गेलाच, असं त्याला वाटलं.

“चाचा...”

“आं?”

“धरा की.”

शब्द पुरा व्हायच्या आत म्हाताऱ्याचे हात बाहेर आले होते. त्यांनी सुरकुतीपाशी चामडं अलगद उचललं, मग दोन्ही टोकं धरून ताणली. धैर्यशीलनं दोन्ही तळवे कमानीच्या माथ्यावर टेकवले आणि हळूहळू चोळत खाली आणले. सुरकुती कुठं गेली ते दोघांनाही कळलं नाही.

धैर्यशील मोठ्यानं हसला. कितीतरी महिन्यांत तो असा हसला नव्हता. मग त्याला एकदम रविवारची आठवण झाली.

“आता आप्पांना काय सांगू?”

चाचांनी कमानीवरून अंगठा फिरवला. खूश होते.

“गाडीचं आजून काय ऱ्हायलंय?”

“हे बसवायचं. मग शेवटी बॉनेट चढवायचं. ते दोघांचं काम हाय, पण मी शेडच्या तुळईला दोरी बांधून ठेवलीय. एकट्यानं उचलता येतंय.”

चाचांनी सोल्यूशनच्या डब्याचं झाकण लावलं.

“दोरी सोडून टाक,” ते म्हणाले. “बॉनेट आप्पा आल्यावर चढीव.”