राजाला न दिलेले पाणी

शैलवती नगरात मेघवर्मा राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा विहारप्रमुख, म्हणजे राजाच्या सहलींची व्यवस्था पाहणारा अधिकारी, होऊन जन्मला होता. त्याचे नाव सुगुप्त. राजाला डोंगराचे वेड आणि दरबाऱ्यांना राजाचे. दर उन्हाळ्यात हत्तीघोड्यांसह सारे वरच्या ओढ्याकाठी तळ ठोकीत. जागा सुगुप्तानेच शोधली होती. पिण्याचे पाणी तळाच्याही वर, खडकातल्या झऱ्यातून येई. तेल-उटणी, शौच, घोडे धुणे, सारे ओढ्यात चाले. "वाहत्या पाण्याला कसला आलाय दोष," असे सगळे म्हणत. ते पाणी त्यांना कधी प्यावे लागत नव्हते, तेव्हा म्हणायला काय जाते?

तिसऱ्या उन्हाळ्यात सुगुप्त उतरणीची वाट तपासायला पायथ्याच्या निंबपल्लीत उतरला. गाव त्याच ओढ्याचे पाणी पीत होते आणि घरोघरी माणसे आजारी होती. रेवा नावाच्या बाईची मुलगी ओसरीवर तापाने फणफणत पडली होती.

तळावर परतल्यावर त्याला चैन पडेना. जेवायला बसे आणि अर्ध्यावर उठे. खरे सांगितले तर राजाचा लाडका विहार मोडेल आणि आपले पद जाईल, या भीतीने तो पंधरा दिवस तळमळत राहिला. सोळाव्या दिवशी मात्र तो राजाला फिरायला म्हणून थेट निंबपल्लीत घेऊन आला.

दारी आलेल्याला गूळपाणी द्यायची तिथे रीत होती. रेवाने राजापुढे नुसता गूळ ठेवला.

"आणि पाणी?" राजाने विचारले.

"पाणी नाही देणार, महाराज. हेच पिऊन माझी लेक गेली. तुम्हीही कुणाचं तरी लेकरूच."

सुगुप्त पुढे झाला. तो म्हणाला, "महाराज, हे पाणी आपल्या तळावरून येतं. जागा मी निवडली. दोष माझा आहे."

त्याच दिवशी राजाने तळ उठवला. पुढे तो दरवर्षी डोंगर चढे, पण पायी, मोजक्या माणसांसह. आणि उतरताना रेवाच्या दारचे पाणी पिऊनच नगरात परते.

भिक्षूंना इथवर सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्या जन्मांचा आजच्या माणसांशी मेळ घातला. "तो राजा म्हणजे आजचे स्थविर धर्मरुची. रेवा ही भिक्षुणी नंदिका. सुगुप्त मी होतो."

"भंते, आणि ती मुलगी?" एका भिक्षूने विचारले.

शास्ते म्हणाले, "नुसत्या करुणेने भागत नाही, भिक्षूंनो. करुणेला वेळेवर उठवावे लागते, आणि त्या ढिलाई न करण्याच्या गुणाला अप्रमाद म्हणतात. त्या मुलीपर्यंत मी उशिरा पोहोचलो."