दोन सेकंदांची मुदत

“सिम आत आहे, मग हे ‘सिम नाही’ का म्हणतंय?”

विक्रांतने हिरवी पट्टी खलीलचाचांच्या टेबलावर जवळजवळ आपटलीच. काड्यापेटीएवढं मोबाइल मॉड्यूल ते. गावची पाण्याची टाकी भरली, की त्याने घरोघर मेसेज धाडायचा होता.

चाचांचा जन्म वायरलेस सेट दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी सावकाश चष्मा पुसला. घाई त्यांच्या घराण्यातच नव्हती.

“किती दिवस झाले?”

“पाच! तीन सिम बदलली. उलटं घातलं, सुलटं घातलं. खाचेतल्या पट्ट्या घासल्या. पॉवर सप्लाय नवा आणला. डोकं उठलंय नुसतं!”

“एवढी घाई कसली?”

“उद्या ग्रामसभेत दाखवायचंय. टाकी भरली का बघायला बायका रोज टेकडी चढतात. मागच्या आठवड्यात माझी आईच पडली, मनगट मोडलं तिचं. उद्या हे चाललं नाही, तर सरपंच मला टाकीला पुन्हा हात लावू देणार नाहीत.”

चाचांनी भिंगातून पाहिलं. सिम नीट बसलं होतं. वायरीही जागच्या जागी होत्या.

“ह्याने उत्तर दिलं नाही, तर काय करतोस?”

विक्रांत जरा ताठ झाला. इंजिनिअरिंगला पहिला आलेला गडी, त्याचा ताठा असा कुठे जातो!

“मला काही करावंच लागत नाही. कोडच तसा लिहिलाय. मॉड्यूल चालू झालं, की विचारायचं, सिम आहे का? दोन सेकंदांत ‘आहे’ आलं नाही, की ‘सिम नाही’ दाखवून मॉड्यूल बंद. परत चालू, परत तोच प्रश्न. सकाळपासून शेकडो वेळा विचारून झालं. ढिम्म!”

चाचांनी भिंग खाली ठेवलं.

मग म्हणाले, “बाहेर जा. पुन्हा आत ये.”

विक्रांत इतका वैतागला होता, की वाद घालायचंही त्राण नव्हतं. गेला, आला.

“आई पडली कशी?” चाचांनी विचारलं आणि बोटं मोजली. “एक... दोन... बाहेर.”

“अहो, ती...”

“बाहेर. पुन्हा ये.”

तो आला.

“आई पडली कशी? एक... दोन... बाहेर.”

“चाचा, वेळ नाहीये माझ्याकडे!”

“बाहेर.”

तिसऱ्या खेपेला दारातच त्याचा तोल सुटला. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही त्याला राग आला होता.

“काय चेष्टा लावलीय? तोंड उघडतो न उघडतो तोच हाकलता! आई कशी पडली, हे काय दोन सेकंदांत सांगायचं असतं?”

चाचांनी मॉड्यूल उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

“माझ्यावर का चिडतोस बेटा? मुदत तू ठरवलीस.”