कार्बोरेटरचा रुसवा

माझे गुडघे अजून कुरकुरत नव्हते, त्या काळची गोष्ट. आमच्या ह्यांच्या नव्या मोटरसायकलमध्ये एक इंजेक्टर होता. बटण दाबलं की इंजिनाला मोजून पेट्रोल द्यायचा, कसली तक्रार नाही. ह्यांना करमेना. त्याला काढून पोर्चमधल्या फळीवर टाकलं आणि जुन्या बाजारातून कार्बोरेटर आणून बसवला.

तो रोज सकाळी अडून बसायचा. हे तासभर त्याचे स्क्रू पिळायचे, ऑफिसला उशिरा पोचायचे आणि खुशीत असायचे.

"काका, माझं काय चुकलं?" फळीवरून इंजेक्टरने विचारलं. "मला परत घेतील ना?"

"कशाला घेतील? तू त्यांची कधी गरजच लागू दिली नाहीस," कार्बोरेटर म्हणाला. "जरा रुसायला शीक, बाळा."

हे ऐकून मीही दिवसभर रुसून बसले. संध्याकाळी हे काळजीने म्हणाले, "आज काहीतरी बिघडलंय गं." आणि पाना घेऊन गाडीकडे गेले.