अडकित्त्याची वाटणी

फार मागची गोष्ट. एका गावात सगळ्यांचा मिळून एक अडकित्ता होता. वरच्या आळीची मुलगी खालच्या आळीत द्यायची ठरली, की सुपारी फोडायला तोच लागे.

पुढे दोन्ही आळ्यांत लढाई पेटली. घरटी एक माणूस आणि घरातलं सगळं लोखंड द्यायचं, असा हुकूम निघाला. अडकित्ता दोघांचा, म्हणून त्याची वाटणी ठरली.

खालचं पातं लोहाराच्या घणाला म्हणालं, “घणदादा, आम्हाला तेवढं वगळा. मला तर धारही नाही. मी नुसती सुपारी धरून ठेवतं.”

वरचं म्हणालं, “आणि याच्यावाचून मला काही कापता येत नाही.”

“धार मी लावतो ना!” म्हणत घणानं मधली खीळ ठोकून काढली.

दोन आळ्यांच्या दोन भाल्यांना ती पाती बसली. कुणी पान लावताना दिसलं, की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पुन्हा एकदा भेटावं, मधे सुपारी असावी, ‘कट्’ असा आवाज यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

एका सकाळी रणात दोन बाजूंनी येऊन ती भेटली. आवाजही तसाच झाला.

मधे, दोन्हीकडच्यांना आवरायला, हात पसरून वरच्या आळीचा जावई उभा होता. त्याच्या लग्नाची सुपारी त्यांनीच फोडली होती.